राजशोकाची चांदी : मृत्युस्मारक पदकांचा संग्रह आणि झाडीपट्टीतील रुपयाची साक्ष

सारांश : राजा अथवा राणीच्या निधनानिमित्त चांदीची पदके काढण्याची प्रथा युरोपात रुजली. मराठी मुलखात राजाच्या मृत्यूची स्मृती समाधी व छत्री यांच्या रूपाने दगडात राहिली. ब्रिटिश अमलात मात्र परक्या राजाच्या मृत्यूची खूण रुपयाच्या नाण्यावर उमटली आणि ते रुपये खेड्यापाड्यांतील घरांत साठले. प्रस्तुत लेखात मृत्युस्मारक पदकांचे स्वरूप, त्यांची परीक्षा, जतन व कायदेशीर बाजू यांचे विवेचन केले असून, गोरेगाव परिसरासारख्या ग्रामीण भागातील अभ्यासकास हा विषय कोठून हाती घेता येईल, याचा विचार मांडला आहे.

बीजसंज्ञा : मृत्युस्मारक पदक, नाणकशास्त्र, राणीछाप रुपया, टांकसाळ, स्मृती, जतन.

प्रस्तावना

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी चौरंगावर ठेवल्या जाणाऱ्या जुन्या रुपयांकडे आपण धन म्हणून पाहतो. त्या रुपयांवर कोणाचे मुख आहे, ते केव्हा पाडले गेले आणि त्या वेळी ती व्यक्ती हयात होती काय, हे प्रश्न सहसा विचारले जात नाहीत. राणीछाप, राजाछाप, कलदार, बंदा रुपया या नावांनी ओळखली जाणारी ही नाणी एका मोठ्या व्यवहाराची साक्ष देतात. सत्ताधीशाच्या जन्म, राज्यारोहण व मृत्यू यांची नोंद धातूवर करणे हा तो व्यवहार होय. त्यातील मृत्यूची नोंद करणारी चांदीची पदके हा नाणकशास्त्राच्या अभ्यासातील एक स्वतंत्र व काहीसा उपेक्षित विभाग आहे.

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आला. त्यातील गोरेगाव तालुका हा धानपिकाचा व झाडीपट्टीचा मुलूख. येथील सामान्य कुटुंबात विलायती शोकपदके सापडण्याचा संभव थोडा. परंतु ज्या राजांच्या मृत्यूनिमित्त ती पदके निघाली, त्यांचेच रुपये येथील पेट्यांत आणि गळ्यातील माळांत होते व काही प्रमाणात आजही आहेत. म्हणून पदक व रुपया यांचा एकत्र विचार केल्यास हा वरवर दूरचा वाटणारा विषय आपल्या घराच्या उंबरठ्यावर येतो. संग्रहातील चांदीचे खरे मूल्य तिच्या वजनात नसून तिच्यावरील साक्षीत असते, आणि ती साक्ष वाचून नोंदविण्यापूर्वीच आटवली जाते, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

पदक आणि नाणे : संकल्पनेचे स्पष्टीकरण

नाणे हे चलन असते. त्याचे वजन, कस व दर्शनी किंमत राज्यसत्तेने ठरवून दिलेली असते. पदकाला दर्शनी किंमत नसते. ते प्रसंगाच्या स्मरणार्थ काढलेले असते आणि टांकसाळीप्रमाणेच खाजगी कारागीर किंवा पेढीही ते काढू शकते. त्यामुळे पदकाच्या आकारास, वजनास व मजकुरास बंधन नसते. एकाच प्रसंगाची पदके सोने, चांदी, कांसे आणि कथिलप्रधान पांढरा धातू अशा विविध धातूंत निघत. धनिकांसाठी सोन्याचांदीची व सर्वसामान्यांसाठी स्वस्त धातूची, अशी ही विभागणी असे.

या दोहोंच्या सीमेवर एक तिसरा प्रकार आहे. जर्मन संस्थानांत राजपुरुषाच्या निधनानंतर त्याची जन्ममृत्यूची वर्षे कोरलेली थालर नाणी पाडली जात. त्यांना नाणकशास्त्रात मृत्यूचे थालर असे म्हणतात. त्यांचे वजन चलनी थालरचे असले तरी मजकूर पदकाचा असे. स्वीडनचा राजा गुस्ताव अडॉल्फ १६३२ मध्ये ल्युट्झेनच्या लढाईत मारला गेला, त्यानंतर त्याच्या स्मरणार्थ जर्मन भूमीवर अशी थालर नाणी निघाली. राजाचे प्रेत मायदेशी नेले जात असता त्याची कीर्ती नाण्याच्या रूपाने हातोहाती फिरत राहावी, हा त्यामागील हेतू होता.

युरोपातील शोकपदकांची परंपरा

इंग्लंडची राणी दुसरी मेरी २८ डिसेंबर १६९४ रोजी देवीच्या रोगाने मरण पावली. तिचा पती तिसरा विल्यम हा मूळचा डच असल्याने इंग्लंड व हॉलंड या दोन्ही देशांत तिच्या निधनाची पदके निघाली. त्या काळच्या शोकपदकांवर अस्थिकलश, उलटी धरलेली मशाल, वाळूचे घड्याळ, कवटी, खाली ठेवलेला मुकुट, शोकमग्न स्त्री अशी चिन्हे आढळतात. लेख बहुधा लॅटिनमध्ये असतो. त्यातील 'नॅटस' म्हणजे जन्मला व 'ऑबिइट' म्हणजे मरण पावला, हे दोन शब्द आणि रोमन अंक वाचता आले की पदकाचा निम्मा उलगडा होतो. पदकावर केवळ मुखचित्र व नाव असेल तर ते राज्यारोहणाचे की निधनाचे, हे या दोन शब्दांवरूनच ठरते.

मृत्युस्मारक पदकांचा विस्तार खऱ्या अर्थाने झाला तो एकोणिसाव्या शतकात. ब्रिटनचा युवराज, म्हणजे पुढे चौथा जॉर्ज, याची एकुलती कन्या शार्लट ही ६ नोव्हेंबर १८१७ रोजी प्रसूतीनंतर मरण पावली; तिचे मूलही मृतच जन्मले होते. ती तिसऱ्या जॉर्जची एकमेव औरस नात असल्याने सिंहासनाचा वारसाच नाहीसा झाला. देशभर शोक पाळला गेला आणि तिच्या स्मरणार्थ अनेक पदके निघाली. वारसाच्या चिंतेने राजपुत्रांनी घाईने विवाह केले. केंटच्या ड्यूकचा विवाह १८१८ मध्ये झाला व २४ मे १८१९ रोजी त्याला कन्या झाली. तीच पुढे राणी व्हिक्टोरिया झाली. शार्लटचे शोकपदक आणि आपल्या घरातील राणीछाप रुपया यांचा संबंध असा आहे. पहिली घटना घडली नसती तर दुसऱ्या नाण्यावर ते मुख आले नसते. एक पदक हाती आले असता त्याच्यामागील वंशावळ शोधावी, ती यासाठी.

पुढे व्हिक्टोरियाचा पती अल्बर्ट (१४ डिसेंबर १८६१), स्वतः व्हिक्टोरिया (२२ जानेवारी १९०१), सातवा एडवर्ड (६ मे १९१०) व पाचवा जॉर्ज (२० जानेवारी १९३६) यांच्या निधनानिमित्त पदके निघाली. या काळातील पदकांवर कवटी व वाळूचे घड्याळ मागे पडून मुखचित्र, राज्यकाळाची वर्षे व एखादे सौम्य प्रतीक एवढेच उरलेले दिसते. मृत्यूचे भय दाखविण्याऐवजी राज्यकाळाचा गौरव करण्याकडे कल वाढला, असे यावरून म्हणता येते.

मराठी परंपरा : दगडातील स्मृती

मराठी राजांच्या मृत्यूची चांदीची पदके अभ्यासकाला का भेटत नाहीत, हा प्रश्न येथे स्वाभाविकपणे उद्भवतो. त्याचे एक उत्तर स्मृतीच्या माध्यमात आहे. आपल्याकडे वीराच्या मरणाची नोंद वीरगळावर झाली. त्यावर कोरलेले चंद्रसूर्य ही स्मृती यावच्चंद्रदिवाकरौ टिकावी असे सुचवितात. राजाच्या मृत्यूची नोंद समाधीने केली. रायगडावरील छत्रपती शिवाजी महाराजांची समाधी, सातारजवळ संगम माहुली येथील शाहू महाराजांची समाधी, सिंदखेडराजा येथील लखुजी जाधवांची समाधी आणि राणी हिराईने चंद्रपुरात उभारलेली गोंड राजा बीरशहा याची समाधी ही त्याची ठळक उदाहरणे होत. कोल्हापूरचे छत्रपती दुसरे राजाराम महाराज इंग्लंडहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स येथे निवर्तले. अर्नो नदीच्या काठी त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले व पुढे तेथे छत्रीसह त्यांचा अर्धपुतळा उभा राहिला. पदकांच्या भूमीवरही मराठी राजाचे स्मारक छत्रीच्याच रूपाने उभे राहावे, हे लक्षणीय आहे.

दुसरे उत्तर नाण्याच्या स्वरूपात आहे. मराठी नाणे मृत्यू नोंदवीत नाही. ते नाव पुढे चालविते. शिवाजी महाराजांचे निधन ३ एप्रिल १६८० रोजी झाले, तरी 'श्री राजा शिव' व 'छत्रपति' ही अक्षरे असलेली तांब्याची शिवराई त्यानंतरही पाडली जात राहिली व एकोणिसाव्या शतकापर्यंत व्यवहारात होती. मराठी टांकसाळींतील रुपये तर बहुतांशी दिल्लीच्या बादशहाच्या नावे निघत. बादशहा बदलला तरी जुने नाव व जुने वर्ष तसेच ठेवण्याची रीत अनेक टांकसाळींत होती. मुद्रेवरील नाव हा त्या काळी व्यक्तीच्या हयातीचा पुरावा नव्हता. ती रुपयाच्या पतीची हमी होती.

आपल्या प्रदेशापुरता विचार केल्यास वैनगंगेच्या या मुलखाचे स्वामी नागपूरकर भोसले होते. तिसरे रघुजी भोसले ११ डिसेंबर १८५३ रोजी पुत्राविना निवर्तले. लॉर्ड डलहौसीने दत्तकाचा हक्क नाकारून १८५४ मध्ये राज्य खालसा केले. राजवाड्यातील चीजवस्तूंचा लिलाव झाला. या मृत्यूचे पदक निघाले नाही. ज्या सत्तेच्या हाती टांकसाळ होती तिला हा मृत्यू स्मरणात ठेवण्यापेक्षा पूर्ण करण्यात स्वारस्य होते. पुढे ४७ वर्षांनी लंडनमध्ये निघालेली व्हिक्टोरियाची शोकपदके आणि १८५३ चे हे मौन शेजारी ठेवून पाहिले, म्हणजे कोणाचा शोक चांदीत उतरतो व कोणाचा नाही, याचा निकष प्रजेच्या भावनेत नसून सत्तेच्या साधनांत आहे, हे ध्यानी येते. या विषयाच्या संग्राहकाने ही जाणीव सदैव जवळ बाळगली पाहिजे.

ब्रिटिश अमलातील रुपया : दिवंगत राजाचे मुख

हिंदुस्थानात ब्रिटिश सत्तेने वाटलेली पदके मुख्यतः राज्यारोहणाची व दरबारांची होती. १ जानेवारी १८७७ च्या दिल्ली दरबारानिमित्त काढलेले पदक राजेरजवाड्यांना सोन्याचे व इतरांना चांदीचे मिळाले. त्याच्या मागील बाजूवर इंग्रजी, फारसी व देवनागरी अशा तीन लिप्यांत मजकूर आहे. १९०३ व १९११ च्या दरबारांचीही चांदीची पदके आहेत. ही पदके काही वेळा शोकपदके म्हणून विकली जातात. वर्षावरून हा भ्रम दूर होतो. शोकपदके ब्रिटनमध्ये प्रायः विकत घेतली जात. दरबारची पदके सत्तेकडून बहाल होत. पहिली बाजारातून घरात आली, दुसरी निष्ठेच्या मोबदल्यात छातीवर आली.

सामान्य रयतेपर्यंत राजाच्या मृत्यूची वार्ता धातूच्या रूपाने पोहोचली ती रुपयातून. १८३५ पासूनचा एकसारखा रुपया १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम वजनाचा असून त्यात बारा भागांपैकी अकरा भाग शुद्ध चांदी असे. एक रुपया म्हणजे एक तोळा हे समीकरण त्यातूनच रूढ झाले. चौथ्या विल्यमचे मुख असलेल्या पहिल्या रुपयावर १८३५ हे वर्ष आहे. विल्यम २० जून १८३७ रोजी मरण पावला, तरी व्हिक्टोरियाचा १८४० चा रुपया येईपर्यंत त्याचाच ठसा चालू राहिला. म्हणजे विल्यमच्या काही रुपयांवर पाडतेवेळी हयात नसलेल्या राजाचे मुख आहे.

व्हिक्टोरियाच्या रुपयांवर १८७६ पर्यंत 'क्वीन' व १८७७ पासून 'एम्प्रेस' ही पदवी आहे. १८६२ हे वर्ष असलेले रुपये १८७४ पर्यंत तेच वर्ष कायम ठेवून पाडले गेले व त्यांतील प्रत्यक्ष वर्षाचा अंदाज मागील बाजूवरील बारीक ठिपक्यांवरून केला जातो. राणीचे निधन १९०१ च्या जानेवारीत झाले, तरी १९०१ सालचे राणीछाप रुपये मोठ्या संख्येने आहेत. एडवर्डचा रुपया १९०३ सालापासून दिसतो. व्हिक्टोरियाचे मुख डावीकडे व एडवर्डचे उजवीकडे आहे. प्रत्येक नव्या राजाने पूर्वीच्या राजाच्या विरुद्ध दिशेस पाहावे, हा ब्रिटिश नाण्यांचा संकेत त्यामागे आहे. पाचवा जॉर्ज पुन्हा डावीकडे पाहतो. आठव्या एडवर्डने ११ डिसेंबर १९३६ रोजी सिंहासन सोडले. त्याच्या मुखाचा रुपया येथे निघालाच नाही. सहावा जॉर्जही डावीकडेच पाहतो. मधल्या राजाची न निघालेली नाणी जणू निघाली असे धरून हा क्रम पुढे चालविला गेला.

चांदीचाही अंत याच काळात झाला. १९४० पासून रुपयातील चांदी निम्म्यावर आली व १९४७ च्या रुपयात ती उरली नाही. त्यामुळे राजाछाप रुपयांपैकी सर्वांचा कस एकच आहे, हा समज चुकीचा ठरतो. १९४० नंतरचा राजाछाप रुपया आधीच्या रुपयाच्या भावाने घेणाऱ्याचे नुकसान होते.

मुंबई टांकसाळीचे एक उदाहरण या संदर्भात उद्बोधक आहे. ऑस्ट्रियाची सम्राज्ञी मारिया थेरेसा २९ नोव्हेंबर १७८० रोजी मरण पावली. तिच्या १७८० सालच्या थालरवर तांबड्या समुद्राच्या परिसरातील व्यापाऱ्यांचा इतका विश्वास बसला की, नाण्यावरील वर्ष न बदलता ते पुढे पिढ्यान्‌पिढ्या पाडले गेले. दुसऱ्या महायुद्धात, १९४० व १९४१ मध्ये, ते मुंबईच्या टांकसाळीतही कोटीहून अधिक संख्येने पाडले गेले. २८.०७ ग्रॅम वजनाच्या या नाण्यावर सम्राज्ञीच्या मृत्यूचे वर्ष कायमचे गोठून राहिले आहे. चांदीवरील वर्ष म्हणजे निर्मितीचे वर्ष असे गृहीत धरणाऱ्या संग्राहकाला हे नाणे सावध करते.

संग्रहाची मांडणी

या विषयाचा संग्रह दोन प्रकारे करता येतो. पहिला प्रकार मूळ शोकपदकांचा. त्यास पैसा, परदेशी लिलावांची माहिती आणि अस्सलपणाची पारख लागते. दुसरा प्रकार राजाच्या मृत्यूच्या सीमेवरील नाण्यांचा असून तो विद्यार्थ्यासही साधण्याजोगा आहे. विल्यमचा १८३५ व व्हिक्टोरियाचा १८४०. व्हिक्टोरियाचा १९०१ व एडवर्डचा १९०३. एडवर्डचा १९१० व पाचव्या जॉर्जचा १९११ अथवा १९१२. शेवटी सहाव्या जॉर्जचा १९४० नंतरचा एक रुपया, असा सात-आठ नाण्यांचा संच १०० वर्षांचा क्रम उभा करतो. त्याच्या शेजारी एक शिवराई ठेवावी, म्हणजे मृत्यूनंतरही नाव चालविण्याची आपली रीत तुलनेसाठी समोर राहील.

हा क्रम स्वातंत्र्यानंतरही वाढविता येतो. पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या निधनानंतर १९६४ मध्ये त्यांच्या मुखाचा रुपया व ५० पैशांचे नाणे निघाले. महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीनिमित्त काढलेल्या १० रुपयांच्या नाण्यात ८० टक्के चांदी असून त्यावर जन्म व मृत्यू या दोहोंची वर्षे आहेत. राजाच्या ठिकाणी लोकनेता आला; जन्ममृत्यूची वर्षे धातूवर कोरण्याची पद्धत मात्र आपण स्वीकारली.

अस्सलपणाची परीक्षा

चांदीचे म्हणून विकले जाणारे पदक तीन प्रकारे फसवे असू शकते. ते पांढऱ्या धातूचे असेल, तांब्यापितळेवर चांदीचे पाणी चढविलेले असेल किंवा चांदीचेच पण नव्या ठशाने अथवा ओतून केलेले असेल.

पहिल्या दोहोंसाठी घनतेची परीक्षा पुरेशी होते. पदक प्रथम हवेत तोलावे, नंतर बारीक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवून तोलावे. वजनात जी घट येईल तिने मूळ वजनास भागावे. समजा, पदक ४१.४ ग्रॅम भरले व पाण्यात ४ ग्रॅमची घट आली, भागाकार १०.३५ येतो. शुद्ध चांदीची घनता १०.४९ व ९२.५ टक्के चांदीची सुमारे १०.३६ असल्याने हे पदक चांदीचे असण्याचा संभव दृढ होतो. त्याच आकाराचे कथिलप्रधान पदक २९ ग्रॅमच्या आसपासच भरेल. या परीक्षेत पदकास ओरखडा येत नाही. कसोटीच्या दगडावर घासणे किंवा कडेला कानस लावणे ही सराफाची रीत पदकाच्या बाबतीत टाळावी.

तिसऱ्या प्रकारासाठी भिंगाने कड पाहावी. ओतीव प्रतीच्या कडेवर जोडाची रेघ अथवा ती घासून काढल्याची खूण असते, पृष्ठभागावर बारीक छिद्रे असतात आणि अक्षरांच्या कडा बोथट असतात. ठशाने पाडलेल्या पदकाची अक्षरे तळापासून ताठ उठतात. काही टांकसाळी कडेवर खूण करतात. पॅरिसच्या टांकसाळीच्या १८८० नंतरच्या पदकांवर कडेला समृद्धीच्या शिंगाची लहान आकृती व धातूचे नाव असते. रुपयांच्या बाबतीत मुंबई टांकसाळीची ओळख 'बी' हे अक्षर किंवा ठिपका यांवरून पटते. पाचव्या जॉर्जच्या रुपयावर हा ठिपका मागील बाजूस खालच्या कमळाखाली असतो.

जतन

चांदीला हवेतील गंधकयुक्त वायूंमुळे काळेपणा येतो. हा थर चांदीच्या सल्फाइडचा असतो व तो पातळ असेपर्यंत पदकाचे रक्षणच करतो. चिंच, राख, रांगोळी किंवा बाजारी भुकटी लावून तो घासला की त्याबरोबर चांदीही जाते. मुखचित्रावरील केस, मुकुट, दागिने यांच्या बारीक रेषा प्रथम नष्ट होतात. एकदा घासलेले पदक पूर्ववत होत नाही. म्हणून जुन्या चांदीस चकचकीत करण्याचा मोह आवरावा.

पदक कडेनेच धरावे. ते रबरी पट्टा, लोकर, वर्तमानपत्र किंवा मऊ पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नये. रबर व लोकर यांतून गंधक, तर पीव्हीसीतून क्लोरिनयुक्त द्रव्ये सुटतात. आम्लविरहित कागदाच्या पाकिटात, हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुडीसह ठेवणे हितावह. धानपट्ट्यातील पावसाळी दमट हवेत ही पुडी वेळोवेळी वाळविणे अगत्याचे आहे.

कायद्याची बाजू

पुरावशेष व कलासंपत्ती अधिनियम, १९७२ अन्वये किमान १०० वर्षे जुनी नाणी व कलावस्तू पुरावशेष ठरतात. खाजगी व्यक्तीस त्या परदेशी पाठविता येत नाहीत व परवान्यावाचून त्यांचा व्यापार करता येत नाही. व्हिक्टोरिया व सातवा एडवर्ड यांची शोकपदके ही मर्यादा ओलांडून गेली आहेत. पाचव्या जॉर्जच्या १९३६ च्या पदकांना ती २०३६ मध्ये लागू होईल. शेत नांगरताना किंवा घराचा पाया खोदताना नाणी सापडल्यास भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ लागू होतो. जमिनीत दडलेल्या व १० रुपयांहून अधिक मोलाच्या अशा ठेव्याची माहिती जिल्हाधिकाऱ्यास देणे शोधणाऱ्यावर बंधनकारक आहे. वारसाहक्काने घरात आलेली नाणी आणि जमिनीतून निघालेली नाणी यांत कायदा असा भेद करतो.

आटणी आणि नोंद

मध्य भारतातील ग्रामीण व आदिवासी स्त्रियांच्या गळ्यातील रुपयांच्या माळा ही या प्रदेशाची ओळख होती. अशा नाण्यास डाग देऊन कडी बसविलेली असते. नाण्यांच्या बाजारात ते सदोष मानले जाते व त्याची किंमत घटते. अभ्यासकाच्या दृष्टीने मात्र ती कडी हाच अधिक मोलाचा भाग आहे. परक्या राजाचे मुख येथील स्त्रीने आपल्या सौभाग्याचा, अडीअडचणीच्या शिलकीचा भाग करून घेतले, हे ती कडी सांगते. लंडनच्या टेबलावरील शोकपदकात राणी स्मरणात आहे. झाडीपट्टीतील माळेत राणीला बाजूस सारून केवळ चांदी आपलीशी केलेली आहे. दोन्ही नोंदी इतिहासाच्याच आहेत.

रोवणीचे दिवस, लग्नकार्य किंवा आजारपण आले की ही चांदी मोडीत निघते. ती सराफाकडे वजनाने जाते, घट कापली जाते आणि मुशीत १८४० व १९१० यांतील भेद संपतो. ज्या कुटुंबाला पैशाची निकड आहे त्याला मोड करू नका असे सांगण्याचा अधिकार अभ्यासकास नाही. परंतु मोड होण्यापूर्वी नोंद होऊ शकते, आणि दुर्मीळ वर्षाचे नाणे असल्यास धातूच्या भावाहून अधिक किंमत त्या कुटुंबास मिळू शकते. नोंद ही इतिहासाच्या व विकणाऱ्याच्या, दोघांच्याही हिताची आहे.

नोंदपत्र साधे असावे. त्यात पुढील बाबी याव्यात :

१. दोन्ही बाजूंचे व कडेचे मोजपट्टीसह छायाचित्र.
२. वजन, व्यास व शक्य असल्यास घनता.
३. नाण्यावरील मजकूर, वर्ष, टांकसाळीची खूण व मुखाची दिशा.
४. कडी, छिद्र, डाग, झीज यांचे वर्णन.
५. ते घरात कसे आले याविषयी घरातील ज्येष्ठांनी सांगितलेली माहिती, त्यांच्याच शब्दांत.
६. माळेत असल्यास तिचे स्थानिक नाव व ती केव्हा घातली जाई याची माहिती.

कुटुंबाचे नाव व ठिकाण यांची यादी स्वतंत्र व गोपनीय ठेवावी. चांदीचा ठावठिकाणा जाहीर करणे धोक्याचे ठरते. अशा कामास खर्च जवळजवळ येत नाही. महाविद्यालयाच्या इतिहास विभागाने भिंग, एक अचूक तराजू व नोंदवही एवढ्या साधनांवर ते विद्यार्थ्यांकरवी करून घेता येईल. तुलनेसाठी नागपूरचे १८६३ मध्ये स्थापन झालेले मध्यवर्ती संग्रहालय, मुंबईतील रिझर्व्ह बँकेचे चलन संग्रहालय आणि नाशिकजवळ अंजनेरी येथील नाणकशास्त्र संशोधन संस्था यांचा उपयोग होतो.

समारोप

मृत्युस्मारक पदकांचा संग्रह म्हणजे गतराजांविषयीची भक्ती नव्हे. सत्तेने स्वतःच्या मरणाला कोणते रूप दिले, ते कोणापर्यंत पोहोचविले आणि कोणाचे मरण नोंदीवाचून जाऊ दिले, याचा तो अभ्यास आहे. शार्लटच्या पदकापासून राणीछाप रुपयापर्यंत आणि रघुजी भोसल्यांच्या निधनानंतरच्या लिलावापासून रुपयांच्या माळेपर्यंत एकच सूत्र धावते : ज्याच्या हाती ठसा, त्याची स्मृती चांदीत. वीरगळ व समाधी आपल्या जागी उभ्या आहेत. त्या वितळत नाहीत. चांदी वितळते. म्हणून गोरेगावसारख्या ठिकाणी या विषयाचा आरंभ खरेदीने करण्याचे कारण नाही. घरातील पेटी उघडून, नाणे न घासता, त्यावरील वर्ष वाचून ते लिहून ठेवणे हाच त्याचा योग्य आरंभ होय.